माणसांभोवतीचं कुंपण

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या नकाशावर, साधारण मध्यभागी, 'सातारा' नावाचं ठिकाण आहे. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आपलीच वाचण्यात चूक होतेय. चूक नव्हती. जमीन मोजणाऱ्या एका साहेबाच्या हाताखाली एक हिंदुस्थानी माणूस होता, त्याने सतराव्या तुकड्याला 'सत्रा' म्हटलं आणि पुढे तेच नाव रुळलं, अशी हकिकत तिथे सांगतात. आमचा आफ्रिकेतला पहिला तंबू या साताऱ्याला लागला. कुंपणापासून पंधरा पावलांवर जागा मिळाली. पिठलं-भात झाला, भांडी घासून झाली, शेजारच्या तळांवरचे निखारे विझत आले, आणि तारेच्या पलीकडून एक ठिपकेदार तरस आलं. कुंपणाला खेटून, मान खाली घालून, ते संथपणे चालत गेलं. मग दुसरं आलं. उत्तरेला कुठेतरी सिंह बोलत होता. 'गर्जना' हा शब्द आपण लहानपणापासून वापरतो. पण रात्री दूरवरून येणारा तो आवाज खोल, थकलेल्या कण्हण्यासारखा असतो आणि तो कानांआधी छातीला कळतो.

त्या रात्री एक साधी गोष्ट लक्षात आली. इथे जनावरं कुंपणात नाहीत. कुंपण आपल्याभोवती आहे. जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या रानात काही एकरांचे तुकडे माणसांसाठी तारेने वेगळे काढले आहेत, आणि संध्याकाळी त्यांची फाटकं लागतात ती आपल्यावर.

हे पुस्तक त्या तुकड्यांविषयी आहे, आणि जिथे तेवढी तारही नाही अशा तळांविषयीही. स्वतः गाडी चालवत, स्वतःच्या तंबूत झोपत, स्वतःच्या हातचं खात आफ्रिकेची अभयारण्यं बघण्याची एक रीत आहे. ती शंभर वर्षं जुनी आहे, तिथल्या मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे. आपल्याकडे आफ्रिकेची सहल म्हटलं की उघडत्या छपराची गाडी, वर्दीतला चालक, पांढऱ्या चादरींचा आलिशान लॉज आणि त्याला साजेसा आकडा डोळ्यांपुढे येतो. तो आकडा ऐकून माणसं विषय बदलतात. खरं तर 'सफारी' हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला 'सफर' स्वाहिलीत जाऊन 'सफारी' झाला आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे 'सफर' म्हणून आला. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. आलिशानपणा त्याला नंतर चिकटला.

या रीतीचं अर्थकारण एका वाक्यात सांगता येतं: पैसा राखायचा आणि वेळ उधळायचा. लॉजमधल्या एका रात्रीच्या पैशांत तळावरचा आठवडा सहज निघतो. जंगलात जनावर दिसणं हे बव्हंशी तिथे किती तास बसलात यावर ठरतं. दोन रात्रींच्या पाहुण्याला चालक धावतपळत सिंह दाखवून आणतो. आठ रात्रींचा पाहुणा एकाच पाणवठ्यावर गाडी बंद करून चार तास बसू शकतो. आधी तितर येतात, मग इम्पालांचा कळप भीतभीत उतरतो, मग अचानक सगळे कान एका दिशेला वळतात. त्या वळलेल्या कानांत काय आहे, हे वाचायला शिकणं म्हणजे जंगल बघणं. ते घाईत येत नाही, आणि वेळ विकत घेण्याचा आम्हाला सापडलेला सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तंबू.

ही रीत सुरू कशी झाली, ती हकिकत सुरस आहे. जुन्या ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी 1898 मध्ये साबी शिकारबंदी क्षेत्र जाहीर केलं. 1902 मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा सैनिक तिथला पहिला रखवालदार म्हणून आला आणि चार दशकांहून अधिक काळ त्याने ते रान सांभाळलं. तिथल्या त्सोंगा लोकांनी त्याला 'स्कुकुझा' म्हटलं, म्हणजे झाडूनपुसून साफ करणारा. आजचा सर्वांत मोठा तळ त्याच नावाचा. पण रान राखायचं कशासाठी, हे सरकारला पटवणं कठीण होतं. 1923 मध्ये रेल्वेने नऊ दिवसांची एक सहल काढली. गाडी या रानातून जात असताना रात्री शेकोटीभोवती मुक्काम होई. प्रवाशांचं मन बाकीच्या प्रेक्षणीय स्थळांपेक्षा त्या शेकोटीच्या रात्रीतच जास्त रमतं, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं. 1926 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला, 1927 मध्ये मोटारींना दार उघडलं. पहिल्या वर्षी आल्या तीन मोटारी. दुसऱ्या वर्षी 180. तिसऱ्या वर्षी 850. राहायची सोय नव्हती. लोक काट्यांची वई करून तिच्या आत झोपत. म्हणजे आज आम्ही ज्याला काटकसरीची सहल म्हणतो, ती तिथली मूळ सहल आहे. लॉज त्यानंतरचे.

या हकिकतीची दुसरी बाजू मला प्रस्तावनेतच मांडायची आहे, कारण पर्यटनाच्या पुस्तकांतून ती हटकून गळते. हे दार सगळ्यांसाठी उघडलं नव्हतं. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या तळांवर काळ्या माणसाला, आणि आपल्यासारख्या हिंदी वंशाच्या माणसालाही, मुक्काम करता येत नसे. त्यांच्यासाठी ऑलिफंट्स नदीजवळ बालुले हा छोटा तळ होता. तो आजही आहे. वीज नाही, झोपड्यांना धड खिडक्या नाहीत, संध्याकाळी कंदील लागतात. आज तिथल्या शांततेसाठी लोक महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवतात. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. कंदिलाचा उजेड सुंदर होता, आणि तो कोणासाठी, का ठेवला होता, हे माहीत असल्यामुळे तो नुसता सुंदर राहिला नाही.

रानात राहणाऱ्यांचं काय झालं, हेही माहीत हवं. क्रूगरच्या उत्तर टोकाला, पाफुरीच्या त्रिकोणातून माकुलेके लोकांना 1969 मध्ये हुसकावलं. 1998 मध्ये त्यांना जमीन कायद्याने परत मिळाली, आणि ती त्यांनी उद्यानातच ठेवून पर्यटनातून उत्पन्नाचा मार्ग धरला. नामिबियातल्या एतोशातून हाइओम सान लोकांना 1954 मध्ये बाहेर काढलं. टांझानियातल्या सेरेंगेटीतून मसाईंना 1959 मध्ये निघावं लागलं. बोत्स्वानात मध्य कलहारीतल्या सान लोकांना 2006 मध्ये उच्च न्यायालयात जाऊन आपला हक्क सिद्ध करावा लागला. मेळघाटातल्या आणि ताडोब्यातल्या पुनर्वसनाच्या गोष्टी ऐकलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण ज्या निर्मनुष्य रानात तंबू ठोकतो, ते बऱ्याच ठिकाणी निर्मनुष्य केलेलं रान आहे.

याउलट एक उदाहरणही आहे. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातलं मोरेमी अभयारण्य 1963 मध्ये तिथल्या बाटावाना लोकांनी स्वतः, आपल्याच जमिनीवर राखून ठेवलं. शिकारीने रान ओस पडत चाललेलं त्यांना दिसत होतं.

आता या रीतीतल्या घराण्यांकडे येतो. गायकीसारखीच इथेही घराणी आहेत. रान तेच, पण बंदिश वेगळी.

पहिलं दक्षिण आफ्रिकेचं. कुंपणातला तळ, डांबरी आणि मुरमाड रस्ते, साधी छोटी गाडी चालते. तळावर सार्वजनिक स्वयंपाकघर, उकळत्या पाण्याची सोय, गरम पाण्याची न्हाणीघरं, मोठ्या तळावर पेट्रोल आणि किराणा. डांबरावर ताशी 50, मातीवर 40 किलोमीटरची मर्यादा, पण खरं बघायचं तर पंचवीसच्या वर जाऊच नये. फाटकाच्या वेळा महिन्यागणिक बदलतात आणि त्या कडक पाळल्या जातात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. याच घराण्याचा कोरडा, विरक्त सूर ऐकायचा असेल तर कलहारीतल्या क्गालागाडीला जावं. दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना यांची दोन उद्यानं जोडून 2000 मध्ये झालेलं हे आफ्रिकेतलं पहिलं सीमापार उद्यान. तिथले रस्ते वर्षानुवर्षं पाणी न पाहिलेल्या आउओब आणि नॉसॉब नद्यांच्या पात्रांतून जातात. आउओबच्या काठचे पाणवठे पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी खोदलेल्या कूपनलिकांचे आहेत. सैन्य त्या वाटेने आलंच नाही, विहिरींवर राखणदार बसले, आणि पाणी अखेर जनावरांना मिळालं. 'चौदावी कूपनलिका' अशा अर्थाची नावं आजही पाट्यांवर दिसतात. ट्वी रिव्हिएरेन तळापासून नॉसॉबचा तळ सुमारे 160 किलोमीटर आहे, आणि त्याला चार तास लागतात. हिवाळ्यात रात्री तंबूवर बर्फाचा पातळ थर धरतो आणि दुपारी सदरा नकोसा होतो.

दुसरं घराणं नामिबियाचं. अंतरं मोठी, रस्ते खडीचे, वस्ती विरळ. इथे धोका सिंहाचा कमी आणि वेगाचा जास्त. खडीवर भरधाव गाडी कलंडते. एतोशाचं मिठागर जवळजवळ 4,800 चौरस किलोमीटरचं, पांढरंफटक, आणि त्याच्या काठाने पाणवठे. ओकाउकुएयो तळावर तंबूपासून चालत पाच मिनिटांवर बुटक्या भिंतीआड एक पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद पिवळा उजेड सोडलेला असतो. बाकावर घोंगडी पांघरून बसायचं. एका रात्री तिथे काळा गेंडा पिल्लासह आला, मग हत्तींचा कळप आला, आणि गेंड्याने जागा सोडायला साफ नकार दिला. बाकांवर दीडशे माणसं असतील. कोणी खोकलंसुद्धा नाही. या बैठकीला वेगळं तिकीट नाही. एवढ्या मोलाची गोष्ट इतक्या थोड्या पैशांत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तिसरं घराणं बोत्स्वाना आणि झिंबाब्वेचं. इथे कुंपण संपतं. मोरेमीतला थर्ड ब्रिज, चोबेतलं सावुती, झांबेझीच्या काठचं माना पूल्स: तळ म्हणजे झाडाखालची मोकळी जागा. हत्ती दोन तंबूंच्या मधून जातो, एक दोरीही न दुखावता. माना पूल्समध्ये मोसंबी-संत्री नेता येत नाहीत, कारण त्या वासाने हत्ती गाड्या उघडू लागले होते. तिथे वाटाड्याशिवाय पायी हिंडण्याची मुभा आहे, आफ्रिकेच्या मोठ्या उद्यानांत ही दुर्मीळ गोष्ट. तिथले काही नर हत्ती झाडाच्या उंच शेंगांसाठी मागच्या दोन पायांवर उभे राहतात. पण मुभा आहे म्हणून चालावंच असं नाही. रानाची भाषा न येणाऱ्याने गाडीतच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बोत्स्वानाचं धोरण मोजक्या पर्यटकांकडून जास्त पैसे घेण्याचं आहे, त्यामुळे तंबूची जागाही माणशी आणि महाग पडते. वर वाळू आणि पाण्यातून जायला चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी. काटकसरीच्या पुस्तकात हा प्रदेश घ्यावा का, यावर मी पुष्कळ विचार केला. घेतला, कारण लॉजच्या तुलनेत तंबूची बचत सर्वांत मोठी इथेच होते.

पूर्व आफ्रिका हे चौथं, आणि त्यावर मी थोडंच लिहिलं आहे. केनिया-टांझानियात स्वतः गाडी चालवून राहता येतं, सेरेंगेटीत सेरोनेराजवळ बिनकुंपणाचे सार्वजनिक तळ आहेत. पण परदेशी माणसाचं दर चोवीस तासांचं प्रवेशशुल्क डॉलरमध्ये इतकं आहे की तंबूची काटकसर त्यात बुडून जाते. एक आठवण मात्र तिथली नोंदवायला हवी. सिंहांच्या मुलखात तंबूत झोपलेल्या हिंदुस्थानी माणसांचा विषय निघाला की मला त्सावो आठवतं. 1898 मध्ये युगांडा रेल्वेच्या पुलाच्या कामावरचे आपले मजूर काट्यांच्या वईआड तंबूंत झोपत. दोन नर सिंहांनी त्यांतले कितीतरी जण रात्री ओढून नेले. काम काही आठवडे बंद पडलं. ते मजूर हौसेने गेले नव्हते. आज आपण हौसेने जातो, तेव्हा तंबूची चेन पूर्ण लावण्याची शिस्त त्यांच्या आठवणीशी जोडलेली असावी.

कारण या रीतीत पैशांऐवजी शिस्तच द्यावी लागते. गाडीतून उतरायचं नाही, खिडकीबाहेर धड काढायचं नाही. तंबू उकडला तरी उघडा टाकायचा नाही. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, तरस आणि कोल्हे कातडं चघळतात. खरकटं, साबण, तेल, सगळं गाडीत बंद. चांदी अस्वल कचऱ्याचा डबा उघडतं आणि माकड तुमच्या हातातली पोळी नेतं. चूक त्यांची नसते, आधीच्या पाहुण्याने त्यांना खाऊ घातलेलं असतं, आणि अशा धीट झालेल्या जनावराला शेवटी गोळी घालावी लागते. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची. हे मला ठाऊक असूनही एकदा कंटाळा केला, आणि दुपारी बारा वाजता, आजूबाजूला हत्तींची ताजी लीद असताना, बायकोने पहारा द्यायचा आणि मी चाकांखालची वाळू उपसायची असे दोन तास काढले. गाडी भाड्याने देणाऱ्याने हवा भरायचा पंप दिला होता तो चालत नव्हता. तेव्हापासून ताब्यात घेण्याआधी प्रत्येक वस्तू चालवून बघतो. या पुस्तकातली सर्वांत लांब यादी अशा तपासणीचीच आहे.

आपल्या बाजूने काही सोयीही आहेत, आणि त्या कोणी सांगत नाही. या सगळ्या देशांत गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढला की कागदांचं मोठं काम संपतं. खाण्याची चिंता तर दक्षिण आफ्रिकेत करूच नये. 1860 पासून तिथल्या नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर आलेल्या आपल्या लोकांमुळे तूरडाळ, हळद, तिखट, बासमती मोठ्या दुकानांत सहज मिळतं. भाजणी आणि मेतकूट घरून न्यावं. शेजारच्या तळावर निखाऱ्यांवर मांस भाजणारं कुटुंब थालीपीठ मागून खातं आणि बदल्यात उद्या सकाळी बिबट्या कुठल्या वळणावर असेल ते सांगतं. नामिबिया आणि बोत्स्वानात उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पशुरोगांचा फैलाव रोखणाऱ्या कुंपणावर कच्चं मांस काढून घेतात. शाकाहारी माणूस तिथून सुखाने पुढे जातो.

हे आत्ताच का लिहावं? एक कारण चित्त्यांचं. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आले, तेव्हापासून ते प्राणी जिथून आले ते रान कसं आहे, हे कुतूहल आपल्याकडे जागं आहे. दुसरं कारण आपल्या जंगलांतली गर्दी. ताडोब्यात जिप्सी, वाटाड्या, ठरलेले तास आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर, हे नियम मला योग्यच वाटतात. आपलं रान दाट आहे, तुटक आहे, भोवती गावं आहेत. पण त्यातून एक पिढी अशी घडली आहे की तिला जंगल म्हणजे तीन-चार तास आणि एक वाघ एवढंच माहीत आहे. मारुती चितमपल्लींना वाचून रानाची ओढ लागलेल्या माणसाने कधीतरी सलग दहा दिवस आणि दहा रात्री रानाच्या आत राहून पाहायला हवं. आपल्याकडे ते वनखात्यात नोकरी केल्याशिवाय जवळजवळ अशक्य आहे. तिथे तंबूच्या भाड्यात शक्य आहे. तिसरं कारण, हे दार किती काळ एवढं उघडं राहील ते सांगता येत नाही. शुल्क वाढत आहे, साधे तळ खासगी हातांत जात आहेत, मोबाइलवर एका सिंहाची बातमी पसरून चाळीस गाड्या एका वळणावर गोळा होत आहेत. साध्या तळाची मागणी करणारे लोक कमी झाले की साधे तळ बंद होतात.

या पुस्तकात देशवार माहिती आहे, पण ते दरपत्रक नाही. दर छापून होईतो जुने होतात. खर्चाचा हिशेब कसा मांडायचा, कुठे कात्री लावायची आणि कुठे मुळीच नाही (टायर, पाणी, विमा, मलेरियाच्या गोळ्या), तळ कसा निवडायचा, एका जागी किती रात्री राहायचं, हे मी स्वतःच्या चार प्रवासांवरून लिहिलं आहे. झाडांची नावं शक्य तिथे मराठी दिली आहेत, कारण क्रूगरच्या उत्तरेला बाओबाबखाली उभं राहिल्यावर ती आपलीच गोरखचिंच आहे हे कळण्याचा आनंद मोठा असतो. जिथे मी गेलो नाही, त्या ठिकाणांवर प्रकरण नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आणि साठी ओलांडलेल्यांसाठी वेगळी पानं आहेत. छपरावरच्या तंबूची शिडी रात्री तीनदा उतरणं प्रत्येकाला झेपत नाही, आणि खाली उतरल्यावर टॉर्चच्या उजेडात आधी चमकणारे डोळे शोधायचे असतात.

पहिल्यांदा निघणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: जून ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत जा, एकाच उद्यानात किमान आठ रात्री राहा, तीनपेक्षा जास्त तळ बदलू नका. जागा जवळजवळ वर्षभर आधी राखावी लागते. क्रूगर घ्या, साधी गाडी घ्या, आणि त्यांतल्या तीन रात्री साताऱ्याला, कुंपणाकडेची जागा मागून घ्या.